आई, हालाबाईंना सांगून आले

प्रिय आई,

तुम्ही असताना तुम्हाला ‘प्रिय’ लिहिलं असतं, तर तुम्ही चष्म्यावरून बघितलं असतंत. ‘सासूला तीर्थरूप लिहितात गं,’ असं म्हणाला असतात, आणि मग दिवसभर मनातल्या मनात खूश राहिला असतात. पण मी तुम्हाला पत्र कधी लिहिलंच नाही. एका घरात राहणाऱ्या, एका ओट्याशी उभ्या राहणाऱ्या बायका कशाला पत्रं लिहितील?

आज लिहितेय, कारण काल मी स्पोकेनला जाऊन आले. एकटी ड्राइव्ह करत गेले. हालाबाईंना तुमचं सांगून आले. आल्यावर समीरला सगळं सांगितलं, त्यानं शांतपणे ऐकलं. तरी काहीतरी राहिल्यासारखं वाटत होतं. आत्ता चहा घेताना लक्षात आलं की ज्यांचा निरोप होता त्यांनाच कळवायचं राहिलंय.

बाबा गेल्यावर समीरनं तुम्हाला बार्शीहून इथे अमेरिकेत, बॉथेलला आणलं, तेव्हा मला खरं सांगायचं तर धास्ती होती. आयुष्यभर नगरपालिकेच्या शाळेत मुलांना ओरडून शिकवलेली बाई या गप्प गावात काय करणार? आम्ही दोघं सकाळी कामाला जाणार, आमची लेक ईरा शाळेत, आणि घरात आवाज फक्त फ्रिजचा. तुम्ही तक्रार केली नाहीत. कधीच केली नाहीत, आणि याचा मला अजून थोडा राग आहे. करमत नाही असं एकदा तरी म्हणायचंत ना? मी काहीतरी केलं असतं. काय केलं असतं, ते मात्र मला आजही सांगता येणार नाही.

तुमचं तुम्हीच केलंत. नदीकाठच्या ट्रेलवर फिरायला जायला लागलात, आणि एक दिवस हातात शेपूची जुडी घेऊन घरी आलात. ताजी, मुळाला माती असलेली.

‘‘कुठून आणलीत?’’ मी विचारलं.

‘‘एका बाईनं दिली. बाकावर बसते. गोरी आहे, पण शेपू खाते.’’

त्या ‘पण’मध्ये तुम्ही त्या बाईला आपल्यात घेऊन टाकलं होतं. आमच्या घरात समीर आणि ईरा दोघंही शेपूच्या वासानं खिडक्या उघडतात. माझं तोंडही वाकडंच होतं. तुम्हाला सातासमुद्रापार शेपू खाणारं माणूस भेटलं ते असं.

दुसऱ्या दिवशी तुम्ही मुगाची डाळ घालून भाजी केलीत आणि डबा घेऊन गेलात. तिसऱ्या दिवशी तिच्याकडून बिटाचं काहीतरी आलं, त्यातही शेपूच. मग मला कळलं की त्या बाई युक्रेनच्या आहेत, पुष्कळ वर्षांपूर्वी नवऱ्याबरोबर इथे आलेल्या, इंग्रजी जेमतेम आणि मराठीचा तर प्रश्नच नाही. मी नाव विचारलं तेव्हा तुम्ही पदर तोंडाला लावलात.

‘‘हाल्या म्हणते गं स्वतःला. आता मी काय तिला रेडा म्हणून हाक मारू? मी आपली हालाबाई म्हणते.’’

आणि त्या तुम्हाला ‘आजी’ म्हणायच्या. ईरा ट्रेलवरून लांबून ‘आजी, आजी’ करत पळत आली होती, तेच त्यांना तुमचं नाव वाटलं. तुमच्याहून वयानं मोठी बाई तुम्हाला आजी म्हणते याची तुम्हाला फार गंमत वाटायची. शेवटपर्यंत तुम्ही ती चूक दुरुस्त केली नाहीत.

मी एकदा ऑफिसमधून लवकर येऊन तुम्हाला घ्यायला तिकडे आले होते. तुम्ही दोघी बाकावर बसून एकाच वेळी बोलत होतात. तुम्ही बार्शीच्या भगवंत मंदिराजवळच्या कुणा शेजारणीचं सांगत होतात, आणि त्या त्यांच्या भाषेत दुसरंच काही. मध्येच दोघी थांबलात, एकमेकींकडे बघून मान हलवलीत आणि पुन्हा सुरू झालात. मी झाडामागे उभी राहून ऐकत राहिले. गाडीत बसल्यावर विचारलं, ‘‘आई, तुम्हाला कळतं त्या काय म्हणतात?’’ तुम्ही म्हणालात, ‘‘नवऱ्याचं सांगत होती. झोपत नाही रात्रीचा.’’ ते तुम्हाला कसं कळलं, आई? मला ते विचारायचं राहूनच गेलं.

त्यांचे यजमान व्हीलचेअरवर असायचे. त्या वसंतात ते गेले, तेव्हा तुम्ही पांढरी साडी नेसून त्यांच्या घरी बसून आलात. त्या घरी तुम्ही गेलात ते एवढंच.

आणि मग पानगळ सुरू झाली आणि हालाबाई यायच्या बंद झाल्या.

पहिले काही दिवस तुम्ही म्हणालात, सर्दी झाली असेल. मग म्हणालात, लेकीकडे गेली असेल. मग काहीच म्हणायचं बंद केलंत. रोज जायचात, बाकावर बसून परत यायचात. शेवटी एका शनिवारी मी कपड्यांच्या घड्या घालत होते, तेव्हा समोर येऊन बसलात.

‘‘वैशाली, तू कॉम्प्युटरवर एवढं काय काय शोधतेस. हालाबाईला शोध की.’’

‘‘आडनाव काय त्यांचं?’’

‘‘मैत्रिणीला कोण आडनाव विचारतं?’’

‘‘फोन नंबर?’’

‘‘तिच्याकडं फोन असेल, पण आम्ही फोनवर बोलणार काय?’’ हेही खरंच होतं. मग तुम्ही माझ्या हातातला टॉवेल काढून घेतलात आणि म्हणालात, ‘‘गेली असेल तर गेली म्हणून सांग. ते सोसता येतं मला. पण असं अधांतरी नको ठेवू.’’

म्हणून तुम्हाला न सांगता मी सगळ्यात आधी श्रद्धांजल्याच बघितल्या. इथे फ्युनरल होमच्या वेबसाइटवर गेलेल्या माणसांचे फोटो असतात, खाली चार ओळी असतात. हाल्याशी जुळणाऱ्या नावाच्या किती बायका निघाल्या. सगळ्या परक्या होत्या. कुणी डोक्याला फुलाफुलांचा रुमाल बांधलेली, कुणी नातवंडांच्या घोळक्यात. आपली त्यांच्यात नव्हती, म्हणून मला हायसं वाटायचं, आणि मग हायसं वाटल्याची लाज वाटायची. त्याही कुणाच्या तरी बाकावरच्या असतील.

रविवारी तुम्ही मला त्यांच्या घरी घेऊन गेलात. रस्त्याचं नाव तुम्हाला माहीत नव्हतं, पण पाय बरोबर वळत गेले. घरासमोर मोठा कचऱ्याचा डंपर उभा होता. दोन माणसं व्हीलचेअरसाठी केलेला लाकडी उतार उखडत होती. मी विचारलं तर ती म्हणाली, आम्हाला काही माहीत नाही, घर कंपनीनं घेतलंय, आम्ही दुरुस्तीला आलोय. तुम्ही अंगणातल्या वाफ्याकडे बघत होतात. शेपूला तुरे येऊन ते वाळून गेले होते. तुम्ही थोडं बी तोडून रुमालात बांधलंत. मला वाटलं, तुम्ही मनानं तिथेच त्यांचा निरोप घेतलात.

पण घर सापडलं म्हणजे निम्मं काम झालं होतं, हे तुम्हाला ठाऊक नव्हतं. मला होतं. घरी येऊन मी काउंटीची, म्हणजे इथल्या जिल्ह्याची, वेबसाइट उघडली. नकाशावर प्रत्येक घराचा चौकोन असतो, त्यावर क्लिक केलं की घर कुणाचं, कधी बांधलं, कधी विकलं, सगळं दिसतं. तुम्ही शेजारी खुर्ची ओढून बसलात.

‘‘हे कुणालाही दिसतं?’’

‘‘कुणालाही.’’

‘‘आपल्या सातबाऱ्यासारखं म्हण की.’’

‘‘तसंच. फक्त तलाठ्याची वाट बघावी लागत नाही.’’

मग तुम्ही मला आपलं घर उघडायला लावलंत, आणि आपण ते कितीला घेतलं ते वाचलंत. मग म्हणालात, ‘‘समीरनं मला कमी सांगितला होता आकडा.’’ मी हसू दाबलं. तेवढ्या एका क्लिकवर तुमच्या लेकाचं पितळ उघडं पडलं.

हालाबाईंचं घर पानगळीतच विकलं गेलं होतं. काउंटीकडे विक्रीचं खरेदीखतही नोंदलेलं असतं, ते उघडलं. तिथे त्यांचं पूर्ण नाव होतं. हालीना, आणि पुढे एक लांबलचक आडनाव. तुम्ही ते अक्षर अक्षर लावून वाचलंत, शाळेत पहिलीच्या पोरांकडून वाचून घेत असाल तसं. पण सही त्यांची नव्हती. त्यांच्या वतीनं मुखत्यारपत्रावर ओक्साना नावाच्या बाईनं सही केली होती.

‘‘ही लेक,’’ तुम्ही म्हणालात. ‘‘एकच आहे. डोंगरापलीकडं असते.’’ हेही तुम्हाला कसं माहीत, कुणास ठाऊक.

‘‘आई, सही दुसऱ्यानं केली म्हणजे...’’ मी अडखळले.

‘‘म्हणजे तिचा हात चालत नाही,’’ तुम्ही म्हणालात. ‘‘पण आहे. गेलेल्या माणसाच्या वतीनं कुणी सही करत नाही.’’

त्या क्षणी तुमचा चेहरा मी कित्येक आठवड्यांनी मोकळा झालेला पाहिला.

बाकीचं सोपं होतं. खाली नोटरीचा शिक्का होता, त्यात काउंटी लिहिली होती, स्पोकेन. खरंच डोंगरापलीकडे, राज्याच्या दुसऱ्या टोकाला. त्या काउंटीच्या वेबसाइटवर तेच आडनाव टाकलं. ओक्साना एकच निघाली. घराचा नंबर, रस्ता, समोरून काढलेला फोटोसुद्धा. मला आनंद झाला आणि त्याच वेळी अंगावर काटा आला. एका अनोळखी बाईचं दार माझ्या डायनिंग टेबलावर येऊन पडलं होतं, आणि तिला त्याची काहीच कल्पना नव्हती.

जेवताना समीर तेच म्हणाला. ‘‘आई, इथे असा कुणाचा पत्ता काढून जात नाहीत. क्रीपी वाटतं. स्टॉकिंग म्हणतात त्याला.’’

‘‘म्हणजे काय?’’

‘‘म्हणजे पाठलाग.’’

‘‘मैत्रिणीचा पत्ता काढला तर पाठलाग? मग सरकारनं लिहून कशाला ठेवलाय?’’

‘‘टॅक्ससाठी, आई. भेटायला जाण्यासाठी नाही.’’

‘‘कुणाला भेटायला जाऊ नये असं तिथं लिहिलंय का?’’

समीरनं माझ्याकडे बघितलं. मी कोणाची बाजू घ्यावी? तुमचंही बरोबर होतं, त्याचंही होतं. मी तुम्हाला विचारलं, ‘‘आई, हालाबाईंनी पत्ता ठेवला नाही. त्यांना कुणी भेटायला नको असेल तर?’’ तुम्ही ताटातली पोळी बाजूला सारलीत. मला वाटलं तुम्ही चिडणार. पण तुम्ही म्हणालात, ‘‘मग तिला विचारू. नको म्हणाली तर नाही जायचं. पत्र टाक.’’

तुम्ही सांगितलंत आणि मी इंग्रजीत लिहिलं. आम्ही बॉथेलला राहतो, तुमच्या आईंची आणि माझ्या सासूबाईंची मैत्री होती, त्या कशा आहेत एवढंच कळवा, कळवायचं नसेल तरी चालेल. खाली माझा नंबर आणि तुमचा एक फोटो. तुमचं नाव मी रीतसर लिहिलं, सुमन, आडनावासकट. तीच चूक झाली, पण ते नंतर कळलं.

त्या दिवसापासून टपालपेटीची किल्ली तुम्ही स्वतःकडे घेतलीत. कोपऱ्यावरच्या त्या पेट्यांपर्यंत रोज जायचात, दुकानांच्या जाहिराती घेऊन यायचात. पत्राबद्दल तुम्ही एकदाही बोलला नाहीत. ख्रिसमस गेला. स्पोकेनच्या वाटेवरच्या खिंडीत बर्फ पडल्याच्या बातम्या यायला लागल्या.

ओक्सानाचा फोन आला तेव्हा मी घरूनच काम करत होते. अनोळखी नंबर म्हणून उचलणारही नव्हते. आवाज कडक होता. ‘‘तुम्हाला माझा पत्ता कुठून मिळाला?’’

मी सगळं सांगितलं. घर, खरेदीखत, नोटरीचा शिक्का. सांगताना मलाच माझं बोलणं चोरासारखं वाटत होतं.

‘‘बाबा गेल्यापासून रोज कुणीतरी फोन करतं,’’ ती म्हणाली. ‘‘कुणी घर मागतं, कुणी विमा विकतं. माझी आई आजारी आहे. तुम्हाला तिच्याकडून काय हवंय?’’

‘‘काहीच नको. माझ्या सासूबाई रोज त्यांच्याबरोबर बाकावर बसायच्या.’’

‘‘तुमचं पत्र वाचलं मी. माझ्या आईची सुमन नावाची कुणी मैत्रीण नव्हती.’’

ती फोन ठेवणार हे मला कळलं. घाईघाईत मी म्हणाले, ‘‘नाव सुमन आहे, पण आम्ही घरात त्यांना आजी म्हणतो.’’

मग तिनं विचारलं, ‘‘आजी? तुम्ही आजीच्या सून आहात? जी फार काम करते ती?’’

आई, हे तुम्ही त्यांना कसं सांगितलंत? हवेत बोटं आपटून टाइप करून दाखवलंत का? आणि अजून काय काय सांगितलंत माझ्याबद्दल?

मग ओक्सानाचा आवाज बदलला. तिनं सांगितलं की आईला स्वयंपाकघरातच स्ट्रोक आला. उजवा हात गेला, आणि भाषा गेली. इंग्रजी तर गेलंच, पण तिची स्वतःची भाषाही. बोलते पुष्कळ, पण शब्द शब्दांसारखे राहिलेले नाहीत. ‘‘मला, तिच्या मुलीला, तिचं एक वाक्य कळत नाही,’’ ती म्हणाली. ‘‘आता ती बोलायचंही थांबली आहे. तुम्ही आलात तर तुमच्या सासूबाईंना फक्त वाईट वाटेल.’’

मी हे सगळं तुम्हाला जसंच्या तसं सांगितलं. तुम्ही ऐकलंत, आणि विचारलंत, ‘‘रस्ता कधी उघडेल?’’

वसंतात आपण गेलो. समीर ड्राइव्ह करत होता, तुम्ही पुढे बसला होतात, मांडीवर डबा. डोंगर उतरल्यावर झाडं संपली आणि दोन्ही बाजूंना नुसतं पिवळं, उघडं रान सुरू झालं. मोठी नदी ओलांडली, पुन्हा रान. मला ते भकास वाटत होतं. तुम्ही खिडकीची काच खाली घेतलीत. ‘‘किती बरं वाटतंय डोळ्यांना. बॉथेलला झाडं अंगावर येतात गं नुसती.’’ इतकी वर्षं आम्ही आलेल्या गेलेल्या प्रत्येकाला कौतुकानं ती झाडं दाखवत होतो. तुम्हाला ती अंगावर येत होती, हे मला तेव्हा कळलं.

हालाबाई ओक्सानाच्या घराजवळ एका लहानशा केअर होममध्ये होत्या. चार-पाच म्हातारी माणसं, एक स्वयंपाकघर, टीव्ही. त्या खिडकीशी बसल्या होत्या, समोर दुसरी रिकामी खुर्ची. किती वाळल्या होत्या. तुम्ही दारातूनच म्हणालात, ‘‘काय गं, न सांगता गेलीस?’’

त्यांनी वळून बघितलं. चेहऱ्याची एकच बाजू हसली. आणि मग त्या बोलायला लागल्या. ओक्साना दारात थबकली. ती म्हणाली होती तसेच ते शब्द होते, तुटलेले, एकात एक अडकलेले, कुठल्याच भाषेत न बसणारे. तुम्ही समोरच्या खुर्चीत बसलात, त्यांचा डावा हात हातात घेतलात आणि तुमचं सुरू केलंत. समीरचा आकडा, ईराचे दात, उखडलेला उतार. दोघी एकाच वेळी. मध्येच थांबून मान हलवणं. बाकावर चालायचं तसंच सगळं. बाकी सगळ्यांच्या दृष्टीनं हालाबाईंचं बोलणं गेलं होतं. तुमच्या दृष्टीनं काहीच बदललं नव्हतं.

ओक्साना माझ्या शेजारी भिंतीला टेकून रडत होती. ‘‘आजींना कळतंय का काही?’’ तिनं विचारलं. मी तुम्हाला मराठीत विचारलं.

‘‘आधी तरी कुठं कळत होतं?’’ तुम्ही मागे न बघता म्हणालात. ‘‘तिला म्हणावं, आईला बोलू दे. दुरुस्त करू नको.’’

त्यानंतर दर रविवारी तुमच्या टॅब्लेटवर व्हिडिओ कॉल सुरू झाला. ओक्सानानं मला मेसेज केला होता की आई पुन्हा बोलायला लागली आहे, तिच्याशी, इतरांशी, टीव्हीशीसुद्धा. पुढच्या उन्हाळ्यात आणि पानगळीत आपण पुन्हा जाऊन आलो. समीर हायवेवर न सांगता खिडकीची काच खाली घ्यायला लागला होता, तुमच्या लक्षात आलं होतं का?

आणि मग या हिवाळ्यात तुम्हाला न्यूमोनिया झाला. फार दिवस ओढले नाहीत तुम्ही. हॉस्पिटलमध्येही तुम्ही नर्सशी मराठीतच बोलत होतात, आणि ती ‘यस, ममा’ म्हणत होती.

समीर अस्थी घेऊन बार्शीला गेला होता, तेव्हा रविवारी तुमचा टॅब्लेट वाजला. मी उचलला. पडद्यावर हालाबाई होत्या, केस विंचरलेले. मला बघून त्या हसल्या आणि माझ्या मागे बघायला लागल्या. मी ‘नंतर’ असा हात केला आणि बंद केला. मग ओक्सानाला फोन करून सांगितलं.

तिनं माझं सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाली, ‘‘प्लीज, आईला सांगू नका. आत्ता कुठे ती सावरली आहे. हळूहळू विसरेल.’’

मी हो म्हटलं. मुलगी ती आहे, ठरवायचं तिनं. पण विसरतं का कोणी? दर रविवारी त्या केस विंचरून घेऊन टॅब्लेटसमोर बसत होत्या. ओक्साना मला खोटं सांगत नव्हती, सगळं लिहून पाठवत होती. आज तासभर बसली. आज जेवायला उठली नाही. आज टॅब्लेट ढकलून दिला. मग तिनं लिहिलं, ‘ती पुन्हा बोलायची थांबली आहे. मी काय करू?’

मला तुम्ही टॉवेल ओढून घेऊन म्हणालेलं आठवलं. मी ओक्सानाला ते इंग्रजीत सांगितलं. अधांतरी या शब्दासाठी मला इंग्रजी सापडेना, म्हणून म्हटलं, ना जमिनीवर ना आकाशात. ‘‘माझ्या सासूबाई काही महिने तशा होत्या,’’ मी म्हणाले. ‘‘त्या म्हणायच्या, गेल्याचं सोसता येतं, हे नाही.’’ ओक्साना म्हणाली, ‘‘या. पण मी सांगेन तिला, आमच्या भाषेत. तुम्ही फक्त शेजारी थांबा.’’

खिंडीत बर्फाच्या भिंती होत्या, पण रस्ता मोकळा होता. मी वाटेत इंग्रजीतली वाक्यं जुळवत होते, ओक्सानाला ती भाषांतर करायला सोपी जावीत म्हणून.

हालाबाई खिडकीशीच होत्या. मी आत गेले तेव्हा त्यांनी माझ्याकडे बघितलं, मग माझ्या मागच्या दाराकडे. दार बंद झालं तरी त्या तिकडेच बघत होत्या. ओक्साना गुडघ्यावर बसली, आईचा हात धरून हळू आवाजात बोलायला लागली. तिची एक-दोन वाक्यं होत नाहीत तोच हालाबाईंनी तो हात सोडवून घेतला. तिला थांबवलं. आणि माझ्याकडे बघत राहिल्या. तुमच्या घरातली मी होते ना. त्यांना ते माझ्याकडून हवं होतं.

जुळवलेली वाक्यं कुठल्या कुठे गेली. मी म्हणाले, ‘‘हालाबाई, आई गेल्या. आजी गेल्या. न्यूमोनिया झाला होता. फार त्रास झाला नाही. शेवटच्या रविवारी तुमच्याशी बोलायचं म्हणून टॅब्लेट मागितला होता, पण श्वास पुरत नव्हता.’’ सगळं मराठीत. दुसऱ्या कुठल्या भाषेत सांगणार होते मी त्यांना? इतकी वर्षं त्यांनी आमच्या घराचं सगळं मराठीतच ऐकलं होतं.

त्यांना कळलं, आई. मला शंका नाही. त्यांनी डोळे मिटले आणि डाव्या हातानं कपाळापासून छातीपर्यंत क्रूस केला. उजव्या हातानं करायचा असतो, ओक्साना नंतर म्हणाली, पण तो हात उचलत नाही. स्वयंपाकघरात कुणीतरी भांडी लावत होतं.

मी उभीच होते. हालाबाईंनी डोळे उघडले, समोरच्या रिकाम्या खुर्चीकडे बघितलं आणि तिच्यावर हातानं थोपटलं. मी ओक्सानाकडे बघितलं. ती म्हणाली, ‘‘तिथे ती कुणालाही बसू देत नाही. मलासुद्धा.’’

मी बसले. आणि त्या बोलायला लागल्या. खूप बोलल्या. मध्ये रडल्या, मध्ये कशावर तरी रागावल्या, एकदा चक्क हसल्या. मला एक अक्षर कळलं नाही. त्या थांबायची मी वाट बघत होते, मग वाटलं, तुम्ही कुठे थांबायचात? मीही माझं सुरू केलं. समीर बार्शीहून परत येताना विमानात रडला ते सांगितलं, जे मी अजून कुणाला सांगितलेलं नाही. ऑफिसमधलं सांगितलं. तुमच्याशी मी एवढं सलग कधी बोलले नव्हते. किती सोपं होतं ते, आई. तुम्ही रोज तिथे का जायचात ते मला काल कळलं.

निघताना ओक्सानानं मला मिठी मारली. ‘‘तुम्ही मला शोधलंत त्याचा मला आधी फार राग आला होता,’’ ती म्हणाली. मी म्हटलं, ‘‘मलाही स्वतःची भीती वाटली होती.’’ दोघी हसलो.

आता तुम्हाला शब्द देते. दर रविवारी मीच फोन करीन आणि डोंगरातला रस्ता उघडा असेल तेव्हा जाईन. त्यांचं बोलणं दुरुस्त करणार नाही, आणि माझंही थोडं सांगत जाईन. आणि हालाबाईंचं पुढेमागे काही झालं, तर ओक्साना मला कळवेल आणि मी तुम्हाला कळवीन. तुम्हाला ते माझ्याआधी समजलेलं असेल, मला माहीत आहे. तरी कळवीन.

तुमची,
फार काम करणारी सून
वैशाली